विरघळेपर्यंत

सिस्टर गोळी कुस्करते, जिभेखाली ठेवते.
सात मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही.
मी बाकावर बसते तोंड मिटून,
शिवडीच्या केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथल्या खिडकीतून गोदीच्या भिंतीवर
वाळत घातलेली निळी ताडपत्री दिसते.

आधी ही मिनिटं मी घड्याळावर मोजायचे.
आता शनिवारी तनिष्का येते, नणंदेचा हात धरून.
नणंद दारातच थांबते. चपला काढत नाही.

गर्दुल्ला म्हणतात पुरुषाला.
बाईसाठी आमच्या गल्लीत शब्द नव्हता,
माझ्यासाठी नव्यानं पाडावा लागला.
शाळेच्या गेटवर तो कुणीतरी माझ्या मुलीलाच विचारला,
म्हणजे काय गं?
ती म्हणाली, म्हणजे झोपते ती.

झोपायचेच मी.
ती साडेचार वर्षांची असताना
माझ्या नाकाखाली बोट धरायची,
वाफ लागली की परत टीव्हीसमोर.
हे मला कुणी सांगितलं नाही.
एका रात्री टर्की लागली होती, हाडं कुणी पिळतंय असं,
डोळे मिटून जागीच होते,
आणि ते बोट आलं. ग्लुकोज बिस्किटाच्या वासाचं.
मी श्वास रोखला नाही, सोडला, जरा मोठ्यानंच.
त्या वर्षात आई म्हणून केलेलं
एवढंच आठवतं.

मिस्किटा बाई आमचा वर्ग घेतात. आम्ही सहा जणी.
रोज दहा मिनिटं मुलाशी खेळा, म्हणतात,
पण शिकवू नका, विचारू नका, 'असं नको' म्हणू नका.
जे दिसतं तेवढंच बोला.
नूरबानू म्हणाली, मग आईकडे उरलं काय?
बाई म्हणाल्या, तेच शोधायचंय.
पहिल्या वेळी मला चार मिनिटं जमली.
पाचव्याला तिच्या फ्रॉकचं बटण लावायला हात पुढे केला,
ती मागे सरकली.
मधला एक शनिवार मी गेलेच नाही.
कुठे होते ते केंद्राच्या वहीत आहे,
इथे लिहीत नाही.
पुढच्या खेपेला बाई एवढंच म्हणाल्या, जेवलीस का?
आणि सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

आज तिनं बाहुली आणली, एका डोळ्याची.
लिमलेटची गोळी कंपासपेटीनं फोडली,
चुरा बाहुलीच्या ओठांना लावला.
"आ कर. जीभ वर. आता बोलायचं नाही हां."
दवाखान्यातल्या सिस्टरचाच आवाज, मानही तशीच तिरकी.

माझी गोळी अजून विरघळायची होती.
नाहीतर मी म्हटलं असतं, हा कसला खेळ, टाक ते.
नाहीतर मी रडले असते
आणि तिला उठून माझे डोळे पुसावे लागले असते,
जसे तिनं पुसलेत, फ्रॉकच्या घेरानं, किती वेळा.
तोंडात कडू कडू साचत गेलं.
मी बघत बसले.
बाहुलीच्या पाठीला तिनं दप्तराचा टेकू दिला.
तिच्या पायांवर रुमाल टाकला, कडा दुमडल्या.
हे तिला कुणी शिकवलं?

सिस्टरनं टॉर्च मारून जीभ बघितली, झालं म्हणाली.
मी खाली सतरंजीवर बसले.
जे दिसलं ते बोलले:
"तू तिच्याजवळ थांबलीस."
"मग," तनिष्का म्हणाली, "सात मिनिटं एकटी काय करणार ती?"

दारात नणंदेनं फोनमध्ये वेळ बघितली.
पोरीनं बाहुलीच्या नाकाखाली बोट धरलं.
थोडा वेळ. मी हलले नाही.
"हिला श्वासच नाहीये," म्हणाली, "प्लास्टिकची आहे,"
आणि उरलेली लिमलेट स्वतःच्या तोंडात टाकून
कडाकडा चावली.