वाटा

करवत थांबली, प्लास्टर दुभंगलं,
आणि आतून निघाला कुणा दुसऱ्याचाच पाय.
पांढुरका, पापुद्रे सुटलेला,
तीन महिन्यांच्या घामाचा आंबूस वास मारणारा.
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला,
"सगुणा, तुजो पाय खंय गेलो रे?"

घरी शालनने शिवणाची टेप काढली.
उजवी मांडी एकवीस इंच. डावी साडेसतरा.
पुन्हा मोजली. बोलली काहीच नाही,
टेप बोटाभोवती गुंडाळत राहिली.

हाड सांधलं, ते फोटोत दिसलं.
हाडाच्या काळजीत
मांसाकडे कुणी बघितलंच नव्हतं.
कुडाळची ती व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली,
"काका, पहिल्या आठवड्यातच सुरू होतं हे.
स्नायूचे धागे गळत नाहीत, बारीक होतात.
जे कामाला येत नाही
ते पोसायला शरीर तयार नसतं."

मला राग आला त्या हिशेबाचा.
तीस वर्षं रापण ओढली मी,
दोर कमरेला, टाचा वाळूत, मागे मागे चालत.
आमच्यात आजाऱ्याचाही वाटा निघतो.
रापण लागली त्या त्या दिवशी
दाराशी पिशवी आली. बांगडे, कधी नुसते पेडवे,
एकदा एक सरंगा, कुणीतरी मुद्दाम घातलेला.
सगुण दोराला होता का,
कुणी विचारलं नाही.

माझ्याच अंगाने विचारलं. रोज.
आणि रोज थोडं कापून घेतलं.

आता सकाळी पडवीत
जुन्या मोज्यात वाळू भरून घोट्याला बांधतो.
पाय सरळ. उचल. दहा मोजेपर्यंत धर.
सहाला मांडी थरथरते,
बंद करताना होडीचं इंजिन थरथरतं तशी.
सातला खाली.
अख्खा किनारा तुडवला या पायाने,
आणि मूठभर वाळू उचलवत नाही.

काल काठी घेऊन दांडीवर गेलो.
पोरं भिजला दोर गुंडाळतात
त्या शेवटाला मला जागा दिली.
दोर धरला. ओढला असं म्हणता येणार नाही.
सवयीने डावी टाच रोवली,
ती रुतली, आणि मग निघेना.

बाबल मोरजेने वळून पाहिलं,
पुन्हा दोराकडे तोंड केलं.
हात द्यायला कुणी आलं नाही.
बरं झालं.
दोर पुढे सरकत होता,
मी टाच हलवत राहिलो.