दिवा अधिक एकसष्ट

चोर्ल्याचा घाट चढून वर आलो
तसा काट्याखालचा पिवळा दिवा लागला.
म्हणजे एका वळणावर लागला, पुढच्यावर विझला,
कणकुंबीच्या सपाटीवर मात्र ठाम बसला.

उद्यमबागेत आठवड्याचे सहा दिवस मी मापं तपासतो.
केसभर इकडेतिकडे झालं
तर अख्खी खेप परत.
आणि रविवारी या गाडीवर बसतो,
जिची पहिली कांडी दीडशे किलोमीटर पुरते
आणि शेवटची चाळिसात भुर्र.

मष्णू मेस्त्रीनं एकदा टाकी उतरवून दाखवली होती
मच्छेच्या त्याच्या शेडमध्ये, रिकामी, उताणी.
वर ऐसपैस, खाली निमुळती,
मधोमध खोगिरासारखी उचललेली,
आणि आत तारेच्या टोकाला
काडेपेटीएवढा तरंगा.
"हे बिचारं पोहतंय रे.
चढाला पेट्रोल मागं सरकतंय, स्टँडवर डावीकडं कलतंय,
ते आपलं हेलकावे खात सांगतंय.
काटा सांगतंय ते ऐकून घ्यायचं,
खरं मानायचं नाही."

आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.
त्याला कुठलं म्हणायचं होतं, विचारलं नाही.
दोन्ही चाललं असतं.

"एकदा संपवून बघ," म्हणाला.
"लिटरभर बाटली घे संगट, दिवा लागल्यापास्नं मोज.
एकदाच हं. आतला पंप पेट्रोलातच गार राहतंय,
सारखं सुकं पळवलास तर ते बी जातंय."

काकतीच्या पुढे, सर्व्हिस रोडला, दुपारी दोन वाजता
आधी एक आचका,
मग इंजिन गप्प,
चाकं तेवढी थोडा वेळ सवयीनं फिरली.
दिवा अधिक एकसष्ट.
सीटच्या खालच्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलं.
कारखान्यात वीस वर्षं गेली,
इतकं स्वतःचं माप दुसरं घेतलेलं नाही.

तर आज, दिवा अधिक एकवीस.
जांबोटीआधीच्या उतारावर
पडद्यावरचा आकडा चौतीसचा एक्केचाळीस झाला.
पेट्रोल वाढलं नव्हतं.
उतार होता.

तिथंच तो उभा होता, हुक्केरीचा शिवपुत्र,
नवी कोरी गाडी, दोन्ही बाजूंना पेट्या,
पडद्यावर अजून अडतीस किलोमीटर
आणि गाडी मेलेली.
त्याला मराठी येईना, माझं कन्नड रिझर्व्हवर.
टाकीवर टिचकी मारून मी विचारलं, "इल्ला?"
"इल्ला," तो म्हणाला.
मग पडद्यावर बोट ठेवून, दुखावल्यासारखा,
"ऐती."

नाही. आणि आहे.
मी त्याची गाडी धरून हलवली, दोघांनी कान लावला.
आत काही बोलेना.

एकसष्टातून एकवीस गेले, चाळीस.
पिरनवाडीचा पंप तीस.
हिशेब बसत होता,
खरं बाटली काढताना हात पेटीतच जरा रेंगाळला.
वजाबाकी कागदावर सोपी असते,
झाडीत, संध्याकाळी साडेसहाला, नाही.

तो पुढे गेला. मी मागून पन्नासनं,
थ्रॉटल अंड्यासारखा धरून,
दिव्याकडे न बघता. म्हणजे सारखं बघत.
छप्पन्नावर पंपाचे दिवे दिसले.
पाच कमी का झाले कळलं नाही,
रस्ता लांबला, की मी मोजताना चुकलो,
की मेस्त्री म्हणतो तसं आणखी काही.

शिवपुत्र पंपावर थांबलेला होता
माझी बाटली घेऊन.
लिटरची रेघ सोडून वर,
पार गळ्यापर्यंत भरलेली.

माप चुकलेलं होतं.
परत केलं नाही.