सोळा बेअरिंगं

उद्यमबागेत दुसरी पाळी रात्री अकराला सुटते.
लेथ बंद केला, पण घरी गेलो नाही.
कूलंटच्या डब्याला मोबाईल टेकवून बसलो.
मागं सांबरेकर, नागाप्पा आणि ओडिशाचा वॉचमन,
चौघांत मिळून एक चार्जर.

समोर पोर्तुगाल.
चोर्ल्याच्या घाटात माझ्या आजाला
निपाणीच्या तंबाखूच्या गाठोड्यासकट
ज्यांच्या शिपायांनी धरलं होतं, त्यांच्या पोरी.
हसऱ्या, उंच,
चाकांवरच जन्मल्यासारख्या.

आणि जाळ्यापुढं गुडघे दुमडून
आमची रेवती कंग्राळकर.
पॅडात बुडालेली, मुखवट्याआड दोन डोळे,
तेही ह्या स्क्रीनवर दिसत नाहीत,
मला माहीत आहेत म्हणून दिसतात.

तिच्या बुटांना आठ चाकं, चाकाला दोन बेअरिंगं.
सोळाच्या सोळा मी रॉकेलमध्ये धुतलेली,
जुन्या धोतराच्या फडक्यावर वाळवलेली,
कानाशी धरून एकेक फिरवलेली.
चांगलं बेअरिंग बोलत नाही.
बोललं की समजायचं, आत कुठंतरी खडा आहे.

फॉर्म भरताना 'राज्य' असा रकाना आला
तेव्हा माझ्याच आत खडा बोलला.
त्या एका शब्दापायी बाप माझा
हिंडलग्याच्या जेलात अठरा दिवस बसलेला.
पोरीनं पेन थांबवलं नाही.
लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात गेली:
रक्तगट.

पूर्वार्धात नऊ गोल.
नागाप्पा बाहेर जाऊन बिडी ओढून आला, तेवढ्यात अकरा.
मला चेंडू दिसतच नव्हता. दिसत होती ती,
वाकलेली, मग मागं वळून
जाळ्यातनं चेंडू काढणारी,
रेफरीकडं सरकवणारी,
उंबऱ्यात पडलेलं शेजाऱ्याचं पत्र परत करावं तशी.

मग कधीतरी शिवलीला हिरेमठ,
मूडलगीची, रेवतीला सरावात कन्नडमधनं शिव्या देणारी,
मधल्या रेषेवरनं सुटली.
एकटी.
ठक्.
एक जण ओरडला, भाळ छलो! एक ओरडला, हाण गं!
कोण कुठल्या भाषेत, ते वॉचमनला विचारा.

शेवटच्या मिनिटात त्यांना थेट फटका मिळाला.
चौदा झालेलेच होते. पंधरावा झाला असता तर
कुणी मोजलाही नसता.
ती पुढं धावली नाही. रेषेवरच राहिली,
डावा पाय आडवा पसरला,
आणि चकात नग मध्यावर बसतो
तसं तिचं अंग बसलं.

तेवढ्यात नेट अडकलं.
ती आडवी, चेंडू हवेत,
आत नाही, बाहेर नाही,
चार माणसं श्वास धरून.
आधी आवाज आला: पॅडावर लाकडासारखा.
चित्र मागनं हललं.

चौदा–एक.

रात्री दोनला तिचा फोन.
मी चार शब्द जुळवून ठेवले होते.
ती म्हणाली, "काका, डाव्या पायाचं
मागचं आतलं चाक बोलायला लागलंय.
उद्या परत मॅच आहे."
"कसं बोलतंय? कर्र, की किर्र?"
"किर्र."
"मग काही नाही. धूळ आहे नुसती.
उलटं धर, फुंकर मार."

आणि फोन कानाशी तसाच धरून थांबलो,
फुंकर ऐकायला.