नोंद

मावशीच्या गावात सारे विचारायचे,
"कोनाची व तू?"
मी मावशीचं नाव सांगायची.
मावशी गप्प.

कुंपणाच्या करंटनं रोही मेली,
त्या सकाळी तुरीच्या तासात
पिल्लू उभं, नाळ अजून ओली.

खोकल्याच्या औषधाची बाटली,
सायकलची व्हॉल्वट्यूब,
कुसरामच्या शेळीचं दूध.
पहिल्या रात्री तोंडच लावलं नाही.
दुसऱ्या रात्री माझं बोट चोखलं.
तिसऱ्या दिवशी मावशीनं
न मागता गोणपाट टाकलं अंगावर,
दोघांच्याही.

फॉरेस्टची जीप आली.
गार्डनं वही काढली, "कोनी सांभाळलं?
ही पोरगी कोनाची?"
मावशी चुलीपासून उठली,
राखेचे हात तसेच.
"लिहा. आमची हाय."

जीप गेली.
बाटलीत घोटभर दूध उरलेलं.
मी ते पिऊन टाकलं.
खोकल्याच्या औषधाची चव होती.