केअर ऑफ सुरडकर झेरॉक्स

विद्यापीठाच्या गेटापासून तिसरं दुकान.
पाटीवर नुसतं 'झेरॉक्स' उरलंय,
'लॅमिनेशन' उन्हानं खाल्लं.
इथं मी बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या देशांचे फॉर्म भरते.

इद्रिस पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला,
बाजी, एम्बसीला अर्ज.
मी म्हटलं, मराठीत शिव्या शिकलास,
हाही एक शब्द शीक : वकिलात.
तीनदा म्हणून पाहिला त्यानं.
मग विचारलं, वकील असतो का तिथं?
असंल की.
आपली बाजू मांडणारं कुणीतरी
असायलाच पाहिजे इतक्या लांब दिल्लीत.

फॉर्मात दोन रकाने.
कायमच्या पत्त्यावर तो अडला.
गाव आहे, म्हणाला, पण तिकडं जाणारा रस्ता
कुणाच्या ताब्यात, ते आठवड्याला बदलतं.
सध्याच्या पत्त्यावरही अडला,
बेगमपुऱ्यातल्या मालकानं खोली सोडायला सांगितली होती.
मग मी माझाच टाइप केला :
केअर ऑफ सुरडकर झेरॉक्स,
चार तीन एक, शून्य शून्य चार.

विषय सोडून सांगते :
आमच्या सव्वा एकराचा कागद उर्दूत होता.
त्यावर ज्या सरकारची मोहर
ते माझ्या जन्माआधीच गेलेलं.
तरी तलाठ्याला तोच लागायचा.
वाचून देणारा एक म्हातारा उरला होता शहागंजात,
पानाला दहा रुपये,
आणि हळू वाचायचा,
जसं काही ते सरकार अजून ऐकतंय.

इद्रिस सचखंडनं गेला, जनरल डब्यात.
येताना ताप घेऊन आला.
इमारत मोठी आहे, बाजी. झेंडा आहे.
गवत गुडघ्याएवढं.
टेबलावरचा माणूस पाच महिने बिनपगारी,
तरी टाय.
प्रिंटरची शाई संपलेली, पावती हातानं लिहिली.
शिक्का उमटेना,
तर पॅडवर चहाचे दोन थेंब टाकले.
पासपोर्ट कधी, विचारलं,
तर मान वर करून भिंतीकडं बघत राहिला.
तिथं फोटो नव्हता.
खिळा होता.

त्या पौषात मी त्याला हुरड्याला नेलं, फुलंब्रीला.
कणीस हातात धरून उभाच.
याच्या आमच्याकडं पातळ भाकऱ्या करतात,
कागदासारख्या, म्हणाला.
कागद म्हटल्यावर दोघंही हसलो,
मग तो हसायचा थांबला नाही,
मला काय करावं कळेना.

पासपोर्ट अकरा महिन्यांनी आला.
मुदत एक वर्ष.
गेला मग, जिकडं भाऊ आहे तिकडं.
त्या देशाचं नाव मला फॉर्मात लिहिता येतं,
नकाशात दाखवता येत नाही.

कार्ड मात्र येत राहिलं दुकानावर,
सोनेरी कडेचं.
राष्ट्रीय दिनानिमित्त महामहिम राजदूत
श्री. इद्रिस यांना सपत्नीक बोलावतात.
लग्न झालेलं नव्हतं त्याचं.
काउंटरच्या काचेखाली ठेवलीत, तीन आहेत.
लोक त्यावर सुटे पैसे मोजतात.

गेल्या मंगळवारी फोन आला, दिल्लीचा नंबर.
टायवालाच असावा.
तुमच्या शहरात आमची किती मुलं उरलीत?
आमची यादी जुनी आहे.
मी मोजली : पाणचक्कीकडं दोघं,
भडकल गेटला एक जोडपं,
त्यांची पोरगी, घाटीत जन्मलेली,
अजून कुठल्याच कागदावर नाही.

नाव?
रीम.
हळू सांगा, हातानं लिहितोय.
मी हळू सांगितलं.
र. र ला दीर्घ. म.

पत्ता?
सध्याचा की कायमचा, मी विचारलं.

तिकडून बराच वेळ
नुसता पंखा ऐकू आला.
मग इकडं गिऱ्हाईक आलं :
आधार कार्ड, दोन्ही बाजू,
एका पानावर.