बारा सेकंद

शोरूमवाले तीनदा म्हणाले, काही नाही, नवी तर आहे.
तिथवर नेईतो इंजिन तापतं
आणि गरीब गायीसारखं गप्प.
सौली म्हणाला, तुझ्याच कानात वाजत असेल.

इर्या म्हणाली, ठेवून जा रात्रभर. उघड्यावर.

कायानी, सकाळचे सहा, उणे सव्वीस.
टोपी सारून तिने स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनच्या झाकणावर.
"हं, मार स्टार्टर."

ठक् ठक् ठक् ठक्
मोकळ्या हाताची बोटं ती मोजत होती.
बाराला विरलं.

"तेल वर चढेतो चेन सैल राहते.
ताण देणारा तुकडा गेलाय. वॉरंटीत बसेल."

पुढचं मी नीट ऐकलंच नाही.
तिच्या कानावर मुठीचा
लालभडक गोल उमटला होता,
तोच बघत राहिले.