पोच

कुंता झोपत नाही, हे मला मांजरीमुळे कळलं.
रात्री अडीच वाजता चुलीपाशी ती लपलप दूध पीत होती.
वाटीत दूध कोणीतरी ओतत असणार,
एवढं लक्षात यायला मला तीन आठवडे गेले.

मी डाकवाला. चार गावं, दोन टोले, मधे नाला.
सायकल माझी, थैली सरकारची.
दुसऱ्यांच्या दारात निरोप टाकून येणारा माणूस
घरच्या पत्त्यावर मात्र...
जाऊ द्या.

आधी ती मोजायची. आढ्याच्या फाट्या, पत्र्याचे खिळे.
मग मोजणंही सुटलं.
भाकर थापता थापता हात परातीतच राहायचा,
चुलीत पऱ्हाटी जळून राख व्हायची.
विचारलं, काय होऊन राह्यलं वं तुले?
म्हणाली, काई नाई.
आतमंदी कोनीच रायत नाई असं वाटते.

आणि रात्री?
रात्री कोणी डबा वाजवते म्हणाली, डोक्यात.
शेतात जागलीवाले वाजवतात ना, रोही आले की, तसा.
पण रोही नाही, शेत नाही,
वाजवणारा नुसता वाजवतोच आहे.

विमलाकाकू म्हणाली, मोहाखालून गेली अशीन तिनसांजेची.
लिंबू झालं. गंडा झाला.
बाबानं धूर केला, ती खोकली,
आणि पहाटेपर्यंत टक्क जागी.

पांढरकवड्याला सरकारी दवाखान्यात
मनाची खोली फक्त मंगळवारी उघडते.
डॉक्टरीण पोरगीच होती, बोटाला शाई.
केसपेपर पालथा घालून तिनं दोन फांद्या काढल्या,
समोरासमोर, एकमेकींना न टेकलेल्या.
"दोन पेशींच्या मधे ही अशी फट असते, ताई.
निरोप इकडून तिकडे जातात.
त्यातल्या एकाला सेरोटोनिन म्हणतात."
कुंतानं फटीवर बोट ठेवलं.
"हा त नाला हाये."

तेव्हा मला समजलं. म्हणजे माझ्यापुरतं.
मी पलीकडे जातो, कडी वाजवतो.
आत बुढी असते, तिला उठायला वेळ लागतो.
मी थांबलोच नाही, सायकल वळवली,
तर कार्ड माझ्याच थैलीत परत.
ही गोळी त्या आतल्या डाकवाल्याला म्हणत असेल,
थांब ना बावा जरासा. येते बुढी.

डॉक्टरीण हसली. "तसंच. आणि अगदी तसंच नाही.
तिथे डाकवाले खूप.
एक जागं ठेवतो, एक घरोघरचे दिवे मालवत जातो,
एक फक्त सांगत फिरतो, अंधार पडला, अंधार पडला.
कोणाचं कुठे बिनसलं, मलाही पुरतं दिसत नाही.
आणि सगळं त्या फटीतच असतं असंही नाही.
घरात काही झालं होतं का?"

पंखा फिरत होता. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला.
कुंतानं पोराचं नाव घेतलं.
सात वर्षांत आमच्या घरात ते कोणी घेतलं नव्हतं.
मीही नाही.
मी खाली थैलीकडे पाहत राहिलो,
जी त्या दिवशी मी आणलीही नव्हती.

पंधरा दिवस काही झालं नाही.
तोंड कोरडं, मळमळ, अंबाडीची भाजीसुद्धा नको.
"फेकून देतो नाल्यात," म्हणाली.
मी जुन्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर रोज एक रेघ ओढत गेलो
आणि संध्याकाळी, कसंनुसं का होईना,
पोराबद्दल एखादं वाक्य बोलायला लागलो.
त्याला वांग्याचं देठ आवडायचं. असलं काहीतरी.

मग एका रात्री मांजर ओरडायला लागली.
अडीच. वाटी कोरडी.
कुंता तोंड उघडं टाकून झोपलेली,
एक हात चटईबाहेर, मातीवर.
मी उठलो, अंधारातच दूध ओतलं,
अर्धं वाटीत, अर्धं बाहेर,
आणि तिच्या उशाशी बसून राहिलो
कोंबडा बोलेपर्यंत.

सकाळी उठली. केस बांधता बांधता चुलीकडे पाहिलं.
"दूध कोनं सांडोलं?"